स्थिरनादावरील भाष्य

कोणत्याही कलाकृतीचे पुनर्घटन हा जाणत्या रसिकाच्या दृष्टीने सदैव संशयाचा विषय राहिला आहे. मूळ कृती उपलब्ध असताना तिची दुसरी आवृत्ती कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविकच आहे; आणि ‘रीमिक्स’ हा शब्द कानी पडताच तर ह्या प्रश्नाला तिरस्काराची धार येते. त्याला कारणही तसेच आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस जुन्या चित्रपटगीतांना नवा, कर्कश ठेका जोडून ती पुन्हा विकण्याची जी लाट आली, तिच्यामुळे हा शब्द आपल्याकडे विटंबनेचा पर्याय होऊन बसला. प्रस्तुत लेखकाचे मतही परवापरवापर्यंत ह्याहून निराळे नव्हते. ज्या संगीतामुळे ते बदलले त्याचा परिचय करून देणे, आणि त्या निमित्ताने भाष्य कशाला म्हणावे ह्या आपल्या जुन्या प्रश्नाकडे पुन्हा एकवार पाहणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे. दिवाळीच्या सुटीत तो इंदूरला आला असता त्याने आपल्या आवडीची काही ध्वनिमुद्रणे मला ऐकविली. पहिली दहा मिनिटे मी गाणे सुरू होण्याची वाट पाहत होतो. ‘सर, हेच गाणे आहे,’ असे त्याने सांगितले तेव्हा मला हसू आवरेना. तानपुरे जुळले आहेत आणि गवई यायचा राहिला आहे, अशी ही अवस्था दिसते, असे मी म्हणालो. माझी थट्टा त्याने मनावर घेतली नाही. तो एवढेच म्हणाला, ‘गवई येणारच नाही असे धरून तानपुरा ऐका.’ नंतर त्याने ह्याच संगीताची इतरांनी केलेली रूपांतरे, म्हणजे रीमिक्स, ऐकविली आणि माझ्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. ज्यात चाल नाही, ताल नाही, शब्द नाहीत, त्याचे रूपांतर करावयाचे ते कशाचे?

ह्या संगीताला इंग्रजीत ‘ड्रोन’ आणि ‘ॲम्बियंट’ अशी दोन नावे आहेत. ड्रोन हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांना वैमानिकावाचून उडणाऱ्या यंत्रामुळे ठाऊक असतो. परंतु यंत्र आणि संगीत ह्या दोहोंच्या नावाच्या मुळाशी आहे तो नर मधमाशी. संगीतापुरते आपण त्यास ‘स्थिरनाद’ म्हणू. ॲम्बियंट म्हणजे परिसराशी एकजीव होणारे संगीत. १९६० साली ला मॉंट यंग ह्या अमेरिकन संगीतकाराने एक रचना लिहिली. तिच्यात स्वर दोनच, एकमेकांपासून षड्ज-पंचमाच्या अंतरावरचे, आणि सूचना एकच, की ते दीर्घ काळ धरून ठेवावेत. पुढे १९७० साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले तेव्हा यंग, त्यांच्या पत्नी मारियन झझीला आणि टेरी रायली ह्यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शिष्य होत. ह्याच वहीद खाँच्या अतिविलंबित बढतीचा संस्कार आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँच्या (१९१२–१९७४) गायकीवर आहे, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा ज्या संथपणावर आमची पिढी वाढली, त्याचीच एक शाखा समुद्रापार गेली, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र म्हणून हे संगीत मुळात आपलेच आहे असा अभिमान मिरविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे तानपुरा हा रागाचा आधार आहे. तेथे आधारालाच रचनेची प्रतिष्ठा मिळाली. हा फरक लहान नाही.

ॲम्बियंट संगीताची जन्मकथा ब्रायन ईनो ह्या इंग्रज संगीतकाराने स्वतःच सांगून ठेविली आहे. १९७५ च्या आरंभी अपघातानंतर ते अंथरुणास खिळलेले असता एका मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्पवादनाची ध्वनिमुद्रिका आणून दिली. ती कष्टाने लावून ते पुन्हा आडवे झाले तेव्हा लक्षात आले की आवाज फारच मंद आहे आणि दोहोंपैकी एक बाजू बंद पडली आहे. उठून तो वाढविण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजात हार्पचे स्वर मधूनच वर येत, मधूनच बुडत. संगीत असेही ऐकता येते, ही जाणीव त्यांना तेथे झाली. त्याच वर्षी त्यांची ‘डिस्क्रीट म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे विशेष असे की तिच्या पहिल्या बाजूस हा नवा स्थिरनाद आहे आणि दुसऱ्या बाजूस एका जुन्या कृतीचे पुनर्घटन. म्हणजे ह्या संगीताचा आणि रीमिक्सचा संबंध अगदी पाळण्यापासूनचा आहे. तिचा विचार पुढे येईलच. तत्पूर्वी एका शंकेचे निरसन केले पाहिजे.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथाशी परिचित असलेला वाचक येथे विचारील की, संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम मानले, तर ह्या संगीतात विरोध कोठे आहे? सर्वत्र संवादच असेल तर समतोल तरी कशाचा साधावयाचा? शंका रास्त आहे, आणि बऱ्याच स्थिरनाद-रचना तिच्यापुढे टिकत नाहीत हेही खरे. परंतु तिचे उत्तर आपल्या तानपुऱ्यातच आहे. पंचम, दोन जोडीच्या तारा आणि खर्ज हा क्रम तासभर बदलत नाही. तरीही घोडीवर जवारीचा धागा नेमक्या जागी बसला की खर्जाच्या तारेतून, जी तार लावलेलीच नाही तिचा स्वर, म्हणजे स्वयंभू गंधार, स्पष्ट बोलू लागतो. छेडणाऱ्याने तो निर्माण केलेला नसतो. तो खर्जाच्या नादात अंगभूत असतो आणि धागा तो प्रकट करतो. विरोध येथे स्वरास्वरांतून निघून एका नादाच्या अंतरंगात गेलेला असतो. तो ऐकण्यास कान जवळ न्यावा लागतो, एवढेच.

माझ्या मते स्थिरनादाच्या रीमिक्सची कसोटी येथेच मिळते. पुनर्घटन करणारा मूळ वाद्यावर नवी तार चढवितो की जवारीचा धागा सरकवितो, हे पाहावे. रीमिक्सचा इतिहासही ह्या कसोटीस अनुकूल आहे. आपण त्यास भर घालण्याचा उद्योग समजतो. पण जमेकातील किंग्स्टन शहरी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा आरंभ झाला तो वजाबाकीने. लोकप्रिय गीताच्या मुद्रणातून गायकाचा आवाज काढून उरलेली वाद्ये वाजविली जाऊ लागली. ऑसबर्न रडॉक, ज्यास लोक किंग टबी म्हणत, हा मूळचा विद्युत्-उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. त्याने ह्या वजाबाकीची कला बनविली. आवाज मधेच उचलायचा, त्याचा प्रतिध्वनी तेवढा रेंगाळू द्यायचा, मग तोही काढायचा. गीतात आधीपासून असलेली पोकळी त्याने ऐकू आणली.

आता ईनोच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. पाखेलबेल ह्या सतराव्या शतकातील जर्मन संगीतकाराचा एक कॅनन जगभर विवाहसमारंभांतून वाजविला जातो. त्याच्या तळाशी खर्जातील आठ स्वरांची एक ओळ आहे आणि ती अठ्ठावीस वेळा जशीच्या तशी येते. ईनोंनी वादकांच्या हाती ह्या रचनेचे लहान लहान तुकडे दिले आणि काही नियम घालून दिले. पहिल्या भागात प्रत्येकाने आपली गती कमी करीत जावयाचे. किती, ते वाद्याच्या उंच-नीच स्वरावर अवलंबून, जितका खर्ज खोल तितकी गती मंद. परिणामी एकत्र निघालेली वाद्ये हळूहळू दुरावतात, आणि परिचित चाल धुक्यात शिरलेल्या वाड्यासारखी विरत जाते. दुसऱ्या एका भागात प्रत्येकाच्या स्वरमालेची लांबी निराळी असल्याने मूळचे नाते लवकरच मोडते. नवा स्वर एकही घातलेला नाही. जे आधी होते, त्याचा परस्परसंबंध तेवढा सैल केला आहे, आणि मग कळते की ह्या कॅननचे सौंदर्य चालीपेक्षा स्वरांच्या एकमेकांवर पडणाऱ्या सावल्यांत होते. भाषेच्या शिक्षकास आवडेल अशी गोष्ट ही, की ह्या तीन भागांची नावे एका ध्वनिमुद्रिकेवरील फ्रेंच मजकुराच्या चुकलेल्या इंग्रजी भाषांतरातून उचललेली आहेत. अर्थ सरकला की नवे काही दिसू लागते, ह्या सूत्राची ती जणू कबुलीच होय.

ह्याच्या उलट टोकास निव्वळ ताणण्याची पद्धत आहे. लाइफ इंगे ह्या कलावंताने २००२ साली बीथोव्हेनची नववी सिंफनी, स्वरांची उंची न बदलता, संगणकाच्या साहाय्याने चोवीस तासांची केली. सुमारे सव्वा तासाची ती कृती दिवसभर चालते. एकेका स्वरसंगतीचा उदय आणि अस्त आपण सूर्योदयासारखा पाहत बसतो. पुढे पॉलस्ट्रेच ह्या नावाचे असे करणारे साधन कोणासही उपलब्ध झाले, आणि २०१० साली एका हौशी तरुणाने जस्टिन बीबर ह्या किशोरवयीन गायकाचे चालू गीत आठपट लांबविले. त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या गीताचे दीर्घ, चर्चमधील समूहगायनासारखे गंभीर नादचित्र झाले आणि लक्षावधींनी ते ऐकले. चमत्कार खरा, परंतु माझे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण शोधताना मला ज्ञानेश्वरी आठवली.

गीतेच्या सातशे श्लोकांच्या ज्ञानदेवांनी सुमारे नऊ हजार ओव्या केल्या. लांबीपुरते पाहिल्यास हेही ताणणेच आहे. परंतु हे ताणणे सारखे नाही. पहिल्या अध्यायातील सत्तेचाळीस श्लोकांना सुमारे पावणेतीनशे ओव्या पुरतात, तर तेराव्या अध्यायातील जेमतेम पस्तीस श्लोकांवर अकराशेंहून अधिक ओव्या खर्ची पडतात. कोठे थांबावे आणि कोठून लगबगीने पुढे जावे, ह्या निवडीतच भाष्यकाराची प्रज्ञा आहे. यंत्र प्रत्येक क्षण आठपट करते. त्याला कोणताच क्षण दुसऱ्याहून महत्त्वाचा वाटत नाही. म्हणून यंत्राने ताणलेल्या गीतात भव्यता येते, पण अर्थ येत नाही. त्यातल्या त्यात बीथोव्हेनच्या बाबतीत निदान ह्याच कृतीची आणि चोवीसच तासांची निवड एका माणसाने केली आहे; एक पूर्ण दिवस हे माप त्यामागे आहे. गीताच्या बाबतीत आठ हा आकडा सातही असू शकला असता. आज असली साधने घरोघरी आहेत आणि ती अधिकाधिक चतुर होत आहेत. अशा काळी ‘कोणी लांबविले?’ ह्यापेक्षा ‘कोणी कोठे थांबविले?’ हा प्रश्न समीक्षकाने विचारला पाहिजे.

तिसरी पद्धत झिजेची. न्यूयॉर्कचे विल्यम बासिन्स्की ह्यांनी १९८२ च्या सुमारास ध्वनिफितीचे काही लहान फेरे करून ठेविले होते. २००१ च्या उन्हाळ्यात ते संगणकावर उतरवून घेताना त्यांना दिसले की यंत्रावरून फिरता फिरता फितीवरील लोहकण गळून पडत आहेत. प्रत्येक फेऱ्यागणिक स्वर थोडा अधिक गळतो, मध्ये मौनाची छिद्रे पडतात आणि तासाभराने जवळजवळ काहीच उरत नाही. बासिन्स्कींनी हस्तक्षेप न करता ते जसेच्या तसे मुद्रित होऊ दिले. ११ सप्टेंबरच्या संहारानंतर मावळतीच्या उजेडातील धुराचे जे चित्रण त्यांनी ब्रुकलिनमधील गच्चीवरून केले, त्याच्याशी हे संगीत कायमचे जोडले गेले, आणि २००२–०३ मध्ये ते चार भागांत प्रसिद्ध झाले. येथे पुनर्घटन करणारा काळच आहे. कलावंताचे कर्तृत्व एवढेच की त्याने यंत्र बंद केले नाही. परंतु मला अधिक विचारप्रवर्तक वाटले ते ह्याचे पुढचे रूपांतर. दहा वर्षांनी, २०११ साली, मॅक्सिम मॉस्टन ह्यांनी केलेली त्याची वाद्यवृंदासाठीची संहिता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात वाजविली गेली. फितीच्या बाबतीत जो अपघात होता तो आता वादकांना जाणीवपूर्वक करावा लागला. कोठे स्वर गळावा, कोठे मौन पडावे, हे कागदावर लिहून, श्वास रोखून पाळावयाचे. झीज वाजविणे म्हणजे काय, हे तेथे कळते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती काळाने पाडलेले पाठभेद काढण्यासाठी. मॉस्टन ह्यांनी काळाचे पाठभेदच प्रमाण मानून लिहून ठेविले. दिशा उलट, पण अक्षर न अक्षर जपण्याची निष्ठा मात्र तीच.

नवी तार चढविल्याचे उदाहरणही दिले पाहिजे. टायटॅनिक बुडताना तिच्यावरील वादक अखेरपर्यंत वाजवीत होते. तो सूर पाण्याखालीही चालूच राहिला असता तर, ह्या कल्पनेवर गॅव्हिन ब्रायर्स ह्या इंग्रज संगीतकाराने १९६९ पासून एक रचना घडविली. तंतुवाद्यांचे स्तोत्र हळूहळू जलमय होत जाते. तिचे ‘रेझिंग द टायटॅनिक’ ह्या नावाचे रूपांतर १९९५ साली एफेक्स ट्विन ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रिचर्ड जेम्स ह्यांनी केले. बुडालेले जहाज वर काढण्याचा श्लेष चतुर आहे आणि जेम्स हे सामान्य कलावंत नव्हेत. परंतु त्यांनी घातलेला मोठ्या ढोलाचा ठोका येताच माझ्या कानाला जहाज कोरड्या गोदीत उभे केल्यासारखे वाटले. ठोक्याने वेळ मोजली जाऊ लागली. आणि ह्या रचनेची सारी करुणा वेळ मोजता न येण्यात होती.

त्याच ब्रायर्स ह्यांची दुसरी कृती ह्या चर्चेस नैतिक बाजू देते. १९७१ साली लंडनच्या रस्त्यांवर राहणाऱ्या लोकांवरील एका चित्रपटासाठी झालेल्या मुद्रणात एका वृद्ध निराधार माणसाने गायिलेले ख्रिस्ती भजनाचे कडवे होते. चित्रपटात ते घेतले गेले नाही. फीत ब्रायर्स ह्यांच्याकडे आली. लेस्टर येथील कलाशाळेत ते तेव्हा शिकवीत. त्या सुमारे सव्वीस सेकंदांच्या कडव्याचा फेरा यंत्रावर चढवून, दार उघडेच टाकून, ते कॉफी आणावयास गेले. परतून पाहतात तो शेजारच्या चित्रकलेच्या वर्गातील माणसे गप्प झालेली, कोणी डोळे पुसत असलेली. ब्रायर्स ह्यांनी पुढे एवढेच केले, की त्या आवाजाखाली वाद्यवृंदाची साथ हळूहळू आणली. म्हाताऱ्याची किंचित डळमळणारी लय सुधारली नाही. वाद्यांनाच तिच्या पावलांनी चालावयास लावले. ही कृती ऐकण्यापूर्वीच तो वृद्ध वारला. त्याचे नावही कोणी नोंदविलेले नाही.

दुसऱ्याचा आवाज आपल्या कृतीत घेण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न येथे टळत नाही. स्थिरनादाच्या क्षेत्रात तो विशेष बिकट आहे, कारण दोन स्वर दीर्घ काळ धरले तर त्यांचा कर्ता कोण? १९६० च्या दशकात यंग, टोनी कॉनरॅड आणि जॉन केल एकत्र वाजवीत. त्या वादनाच्या फितींवर यंग ह्यांनी रचनाकार म्हणून हक्क सांगितला. कॉनरॅड व केल ह्यांचे म्हणणे की ते सर्वांचे सामुदायिक कार्य होते. १९६५ मधील एक फीत २००० साली यंग ह्यांच्या संमतीवाचून प्रसिद्ध झाली आणि वाद अधिकच चिघळला. कायद्याने काय ठरावे ते ठरो. आपली परंपरा ह्या बाबतीत काही सांगू शकते. आपल्या भाष्यकारांनी मुळाचे नाव कधी लपविले नाही आणि स्वतःची कृती मुळाहून वेगळी असल्याचेही लपविले नाही. शेजारच्या देवास नगरीत राहून कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे आपल्या ढंगाने गायिली, तेव्हा त्या कार्यक्रमास त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. ह्या तीन शब्दांत ऋण आहे, स्वातंत्र्य आहे आणि मर्यादाही आहे. प्रत्येक पुनर्घटनावर असे नाव घालण्याचा दंडक असता, तर निम्मी रीमिक्स आपोआप लाजून मागे फिरली असती.

हे सारे संगीत श्रेष्ठ आहे असा माझा दावा नाही. त्यातील पुष्कळसे कंटाळवाणे आहे, आणि कंटाळ्यालाच खोली समजण्याची सवय त्याच्या भक्तांत आढळते. तरीही ह्या क्षेत्रातील उत्तम पुनर्घटनांनी मला एक गोष्ट शिकविली, आणि ती शिक्षक म्हणून मला बोचते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने निबंधाऐवजी पाठ्यपुस्तकातील एका धड्याचा एकच परिच्छेद घेऊन तो चार पाने लांबवून लिहून आणला होता. धड्यातील पावसाची दोन वाक्ये त्याच्याकडे दीड पान चालली होती. मी त्यावर तांबड्या शाईने ‘नक्कल’ असे लिहून शून्य गुण दिले. त्या मुलाने पुन्हा तसे काही लिहिले नाही. ती वही आज माझ्यापाशी असती, तर तो पावसापाशीच का थांबला, एवढे मी त्यास विचारले असते.

आपल्या शाळांतून ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असा प्रश्न दरवर्षी घातला जातो, आणि उत्तर तपासताना आपण शब्द स्वतःचे आहेत की नाहीत तेवढेच पाहतो. ऐकणे स्वतःचे आहे काय, हे पाहण्याची पद्धत शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी विचारात घ्यावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.